वाटाड्या

आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणारा डांबरी रस्ता सोडून जंगलात शिरले की पावसाळ्यात माणसाला आपोआप प्रार्थना सुचू लागते. मलप्रभेचा उगम या कणकुंबीचाच. तेव्हा तिथे पाऊस किती पडत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. जंगलाच्या पोटातल्या वाड्यांना पक्का रस्ता नाही. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले आणि वनातल्या प्राण्यांना अभय मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट; परंतु त्या आसमंतात रस्ता करण्याचे काम मात्र त्यामुळे अधिकच अवघड झाले. आजारी माणसाला घोंगडी बांबूला बांधून, तिची डोली करून, खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. अशा एका वाडीत आमच्या धर्मग्रामाची चार कुटुंबे आहेत. वाडीचे नाव सांगत नाही. तिथली माणसे भिडस्त आहेत.

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यातली ही हकीकत. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण होऊन दोन दिवस झाले होते. सकाळचा मिस्सा आटोपून मी बाहेर येतो तो त्या वाडीतल्या आजीचा नातू दाराशी उभा. हा तरुण दहा-बारा वर्षे आखातात काढून आता गोव्यात स्वतःचा धंदा करतो. सणासाठी आला होता.

"फादर, आजी रात्री ओट्यावरून पडली. पाय हलत नाही. आणि दर घटकेला तुमचं नाव घेते."

त्याच्यामागे देवळाच्या आवारात त्याची मोटार उभी होती. मोटार कसली, लहानसा बंगलाच! परदेशी बनावटीची, अडीच टन वजनाची, आत दुधाच्या सायीच्या रंगाच्या कातडी बैठका. एरवी मी त्या वाडीला निघालो की मोटारसायकल ओढ्याकाठी ठेवून पुढे पायी जातो. त्या दिवशी मात्र पवित्र तेल आणि परमपवित्र साक्रामेंत घेऊन मी त्या मऊ आसनावर बसलो, आणि खरे सांगायचे तर मला बरे वाटले. गावातली चार माणसे बघत होती, त्याचेही बरे वाटले.

डांबर संपले तिथे नातू उतरला आणि टायरांतली हवा सोडू लागला. मी विचारले, "अरे, हे काय?" तो म्हणाला, वाळवंटात हे पहिले काम. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, त्याची पकड लांब होते. तिकडे छत्तीस पौंडांवरून अठरावर आणीत. इथे चिखलाखाली धारदार जांभा दगड आहे, टायरची कूस फाटेल, म्हणून पंचविसावर थांबू या. मग त्याने एक कळ दाबली तशी सगळी मोटार हवेच्या उशांवर चार बोटे वर उचलली गेली. दुसरी कळ दाबल्यावर चारही चाके एकमेकांशी जखडली गेली. साध्या मोटारीत अशी सोय असते, की वळणावर दोन बाजूंची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकावीत. सडकेवर ते योग्यच. पण चिखलात तिचाच घात होतो. ज्या चाकाखाली काही नाही तेच गरगर फिरत राहते, आणि ज्याला घट्ट जमीन सापडली आहे ते स्वस्थ बसते. (काही मंडळ्यांच्या कारभारातही मी हे पाहिले आहे, पण ते असो.) चाके जखडली म्हणजे सर्वांना सारखेच राबावे लागते.

जाताना त्याने मोटार हळू, फार हळू नेली. ओढ्याशी थांबून आधी स्वतः काठी घेऊन पाण्यात उतरला, मांडीपर्यंत पाणी मोजले, तळाचे दगड चाचपले, मग मोटार घातली. सात किलोमीटरना दीड तास लागला. पायी मला तेवढाच वेळ लागतो, हे मी त्याला सांगितले नाही.

आजीची परिस्थिती पाहताच खुबा मोडला असावा हे कळत होते. तिने पापनिवेदन केले, मी रुग्णाभ्यंग दिला, तिने पवित्र कम्युनियन घेतली. तिचे पुढे काय झाले ते आताच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला लागायला नको. बेळगावच्या इस्पितळात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि नाताळच्या मिस्साला ती काठी टेकीत देवळात आली. परंतु त्या दिवशी त्या ओसरीवर बसलेल्या आम्हांला हे ठाऊक नव्हते.

न्यायचे कसे? एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, डोलीच बरी. माणसाच्या खांद्याइतकी मऊ चाल कोणत्याही यंत्राची नाही. बोलणे खरे होते. पण डोलीला खांदे लागतात, सात किलोमीटरना आळीपाळीने निदान आठ. आणि वाडीतली तरणी मुले गोव्यात कामाला. घरी धडधाकट म्हणावेत असे तिघे. सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी म्हटले, "मोटारीने नेऊ." निर्णय परिस्थितीने केला होता हे खरे, तरी तो उच्चारताना माझ्या आवाजात जो उत्साह होता तो परिस्थितीचा नव्हता.

मागची बैठक आडवी करून तिच्यावर गादी घातली, आजीच्या दोन्ही अंगांना धान्याची पोती लावली. तिने नातवाचा हात जो धरला तो सोडीना. त्याच्याखेरीज मोटार चालवू शकणारा तिथे मी एकटा. सेमिनरीतून बाहेर पडल्यावर माझ्या पहिल्या नेमणुकीत मिशनची जुनी जीप चालविण्याचा मला चांगला सराव होता. नातू म्हणाला, "फादर, जीप विसरा. पायाने काही करू नका, ही आपली आपण उतरते. फक्त चाक धरा." आणि पुढे वाट दाखवायला शेजारच्या धनगर गवळ्याचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा हातात काठी घेऊन उभा राहिला. वाकडीतिकडी वाट असली की मोटारीपुढे एक माणूस चालतो, मोटारवाल्याला दिसत नाही ते पाहतो आणि हाताने खुणा करतो. चालविणाऱ्याने त्या हाताबरहुकूम चाक वळवायचे, आपले डोके चालवायचे नाही, असा या विद्येचा दंडक आहे.

पहिला उतार मी दंडकाप्रमाणे केला. उतारावर ब्रेक दाबला की चाके थांबतात आणि मोटार घसरू लागते. म्हणून सगळ्यांत खालच्या गिअरमध्ये इंजिनालाच तिला धरू द्यायचे असते. मुलगा उलटा चालत होता, तोंड आमच्याकडे, पाठ दरीकडे. मागे आजी पुटपुटत जपमाळ म्हणत होती. शनिवार असल्यामुळे आनंदाची रहस्ये चालली होती. वायपर फिरत होते, बाहेर पाऊस, आत कातड्याचा वास. मला वाटले, जमले!

सेमिनरीत असताना ग्रंथालयातल्या जुन्या मासिकांत मी एक प्रवासवर्णन वाचले होते. १९७० साली विलायतेत रेंज रोव्हर नावाची मोटार निघाली. ऐटदार मोटारींत तिची गणना पुढे झाली. पहिल्या मोटारी मात्र अशा केल्या होत्या की आतली जमीन आणि बैठका पाण्याच्या नळीने धुऊन काढता याव्यात. शेतकऱ्याने चिखलाच्या बुटांनी खुशाल बसावे! १९७१-७२ साली अशा दोन मोटारी घेऊन ब्रिटिश सैनिकांची एक मोहीम अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत गेली. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये दारिएन म्हणून दलदलीचे अरण्य आहे, तिथे रस्ता म्हणून नाहीच. तेवढे अरण्य ओलांडण्यास त्यांना सुमारे शंभर दिवस लागले. दलदलीसाठी म्हणून बसविलेल्या रुंद टायरांचा भार न सोसून मोटारींचे डिफरेंशियल फुटू लागले. नवे भाग विमानाने आणावे लागले. अखेर पनामात एक वापरलेली साधी लँड रोव्हर विकत घेऊन तिला पुढे वाट काढायला घातले आणि मागून या दोघी गेल्या. हे सर्व मला त्या उतारावर आठवले. केवढ्या मोठ्या परंपरेत आपण सामील झालो, अशा विचारात मी होतो. नेमके तेव्हाच मुलाने डावीकडे हात केला.

डावीकडे दरीची कड होती. उजवीकडे ट्रॅक्टरच्या चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या, आधी कोणीतरी गेल्याची खूण. समोरच्या पडद्यावर चाकांचे चित्र दाखविणारा कॅमेरा होता, पण त्याच्या डोळ्यांवर चिखल बसला होता. मुलगा पुनः डावीकडे, कडेच्या जांभ्यावर काठी आपटून दाखवू लागला. मला वाटले, पोर आहे, त्याला या मोटारीच्या रुंदीचा अंदाज नाही. मी उजवीकडे घेतली.

ट्रॅक्टरची चाके माणसाच्या छातीइतकी उंच असतात, हे मी जन्मभर पाहत आलो आहे. चाकोरीत चाके उतरली, पाच-सहा वाव मोटार गेली, आणि मधल्या उंचवट्यावर तिचे पोट टेकले. धक्का फार मोठा नव्हता. पण आजी ओरडली. जपमाळ थांबली.

पोट टेकले की चार चाके जखडून काय उपयोग? चारही सारखीच फिरतात आणि सारखाच चिखल उडवितात. हवेच्या उशा वर होत्या तेवढ्या वर होत्याच. उंचवटा त्याहून उंच होता. नातू काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते. मुलगा खिडकीशी आला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "त्या चाकोऱ्या मेच्या आहेत, फादर. कोरडं होतं तेव्हाच्या."

तो कुदळ-फावडे आणि वाडीतली ती तीन माणसे घेऊन येईपर्यंत तासभर गेला. त्या तासाविषयी मी फार लिहू शकत नाही. आजी कण्हत होती आणि मध्येच मला विचारीत होती, "फादर, तुम्ही जेवलात का?" मी पुढच्या बैठकीवर तिच्याकडे पाठ करून बसलो होतो. माझ्या झग्याच्या खिशात तेलाची कुपी होती. पापक्षमेचे शब्द मी दर शनिवारी किती लोकांवर उच्चारतो! त्या वेळी कुणी ते माझ्यावर उच्चारावेत असे मला फार वाटले.

माणसे आली. त्यांनी डोलीची घोंगडी आणि बांबू बरोबरच आणले होते. म्हाताऱ्या गृहस्थांनी मला काही विचारले नाही. आजीला अलगद उतरवून घोंगडीत घातले. बांबूला तीन खांदे त्यांचे, चौथा नातवाचा. दोन-तीनशे पावलांचा तो वाईट टप्पा त्यांनी तिला चालत नेले आणि पलीकडे एका मोठ्या झाडाखाली ठेवून ते परत आले. मग मधला उंचवटा खणला, चाकोऱ्यांत दगड आणि फांद्या भरल्या. मुलगा पुनः पुढे उभा राहिला. त्याने हात डावीकडे केला, मी डावीकडे घेतले. त्याने तळहात उभा धरला, मी थांबलो. एकदा तर मोटार एवढी कलली की मला खिडकीतून खालच्या झाडांचे शेंडे दिसले. त्याने बोटांनी "ये, ये" केले, आणि मी गेलो. चाकांखाली जांभा वाजला. घट्ट होता.

झाडाखाली पोचलो तेव्हा आजी घोंगडीतून म्हणाली, "मला आधीच उतरवायचं होतं. तुमची गाडी तुम्ही आणली असती सावकाश." आणि तिला इतक्या वेदनेतही हसू आले.

ओढ्याचे पाणी वाढले होते. मुलगा कमरेपर्यंत पाण्यात जाऊन आला, काठी रोवून उभा राहिला, आणि मी त्या काठीकडे पाहत मोटार घातली. पाणी दारांवर आपटत होते, आत थेंब आला नाही. त्या बाबतीत त्या मोटारीला मी दोष देणार नाही. ती उत्तम मोटार आहे. सात किलोमीटर, तीन तास.

डांबराला लागलो तेव्हा चार वाजून गेले होते. नातू आता पुढे येऊन बसला. इथून तोच चालविणार होता. मी दार उघडून मुलाला म्हटले, "चल, बैस. बेळगावला जेवू, उद्या मी स्वतः तुला आणून सोडतो."

त्याने आत पाहिले. सायीच्या रंगाचे ते कातडे पाहिले, मग आपले पाय पाहिले. गुडघ्यांपर्यंत लाल होते.

"नको फादर. म्हशींची धार काढायची आहे." काठी खांद्यावर टाकून तो वळला. सात किलोमीटर आल्या वाटेने.

आम्ही टायरांत हवा भरीत होतो. तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला, "त्या पोराला काही खायला दिलंत का?"

दिले नव्हते. सकाळपासून तो आमच्यापुढे चालत होता, आणि आम्हां दोघांपैकी एकाच्याही ते मनात आले नव्हते. मोटारीत आखातातल्या खजुराचा एक डबा होता, सणासाठी आणलेला. नातवाने तो उचलला आणि पायांतले बूटही न काढता चिखलात धावत सुटला, मुलाला हाका मारीत. पावसात त्या हाका त्याला ऐकू गेल्या नसाव्यात, कारण तो थांबला नाही. मोटारीच्या उघड्या दाराशी उभा राहून मी दोघांनाही वळणापर्यंत पाहत राहिलो.