शब्दांचा शेजार

प्रगत इंग्रजी शब्दसंपत्ती म्हणजे दुर्मीळ आणि भारदस्त शब्दांचा साठा, अशी समजूत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या अनेक मराठी विद्यार्थ्यांमध्ये रुजलेली दिसते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात सहज मिळणारे नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ सालचे पुस्तक या समजुतीला काहीसे कारणीभूत असले, तरी एका लॅटिन वा ग्रीक धातूवरून अनेक शब्दांची उकल करण्याची त्यातील रीत आजही उपयोगी आहे; मात्र धातूवरून शब्दाचा अर्थ उमगतो, वापर उमगत नाही.

खरी अडचण अनोळखी शब्दांपेक्षा अर्धवट ओळखीच्या शब्दांत असते. न्यूझीलंडमधील अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचे विद्यापीठीय लेखन तपासून २००० साली एक यादी प्रसिद्ध केली. मायकेल वेस्ट यांच्या १९५३ सालच्या यादीतील सुमारे २००० नित्याचे शब्द वगळून तिच्यात ५७० शब्दकुले, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून साधलेली रूपे यांचे गट, निवडलेली आहेत आणि विद्यापीठीय मजकुराचा जवळजवळ दहावा हिस्सा तेवढ्यांनीच व्यापलेला असतो. त्यांतील ‘अ‍ॅझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘सिग्निफिकंट’ हे शब्द पदवीधराला नवे नसतात. पण स्वतःच्या लेखनात ते बिनचूक योजणारे थोडेच.

येथे सहप्रयोगाचा, म्हणजे कोणता शब्द कोणत्या शब्दासोबत सवयीने येतो याचा, प्रश्न उभा राहतो. ‘कॉज’ या क्रियापदाचा ‘घडवून आणणे’ हा अर्थ कोशात मिळतो. परंतु प्रत्यक्ष लेखनात त्याच्यामागून ‘डॅमेज’, ‘प्रॉब्लेम’, ‘डेथ’ अशी बहुधा अनिष्ट कर्मे येतात, हे मायकेल स्टब्ज या भाषाभ्यासकाने १९९५ मध्ये संगणकीय भाषासंग्रहाच्या आधारे दाखवून दिले. त्यामुळे मुलाच्या यशाने घरात आनंद ‘कॉज’ केला, असे वाक्य व्याकरणाने निर्दोष असूनही कानाला खटकते आणि तेथे ‘ब्रिंग’ हे साधे क्रियापद चपखल बसते. (मराठीतही उत्तम निकालाला शिक्षक ‘कारणीभूत’ ठरले, असे सहसा कोणी लिहीत नाही.)

एका रकान्यात शब्द आणि दुसऱ्यात मराठी अर्थ, अशी वही म्हणूनच अपुरी पडते. शब्द ज्या वाक्यात भेटला ते संपूर्ण वाक्य उतरवावे, त्याखाली त्या शब्दाचे नेहमीचे दोन-तीन सोबती नोंदवावेत आणि नंतर ते झाकून त्याच आशयाचे वाक्य स्वतः रचावे. विस्मरणाचा वेग आरंभीच सर्वाधिक असतो, हे हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून मांडले असल्याने पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी आणि पुढच्या वाढत्या अंतराने करणे श्रेयस्कर ठरते. अशा रीतीने आठवड्याला दहा-बारा शब्दच पदरात पडतात, आणि त्यांतीलही एखादा महिनाभर लेखनात उतरायला तयार होत नाही.