तळहाताखालचा ब्रिज

इलेक्ट्रिक गिटार घेताना आमच्याकडची मुलं आधी रंग बघतात, मग आकार, मग किंमत. ब्रिजकडे, म्हणजे तारा खालच्या टोकाला ज्यावर टेकतात त्या भागाकडे, कुणाचं लक्ष जात नाही. सांगोल्यात गिटार शिकवायला लागल्यापासून हेच पाहत आलो आहे, म्हणून नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी मी ब्रिजच दाखवतो. डावा हात पडद्यांवर वरखाली फिरत असतो. उजवा हात मात्र तासन्‌तास ब्रिजच्या आसपासच असतो. तो धातूचा तुकडा उंच आहे की बसका, पक्का आहे की हलता, त्याचे स्क्रू तळहाताला बोचतात की नाही, यावर मनगट किती वेळ साथ देणार हे ठरतं, आणि हातातून काय वाजणार हेही बरंचसं ठरतं.

माझी पहिली गिटार स्ट्रॅटोकास्टर घाटाची होती, सोलापुरातून आणलेली. मूळ स्ट्रॅटोकास्टर लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ साली बाजारात आणली. तिचा ब्रिज लाकडावर घट्ट बसवलेला नसतो. पुढच्या कडेला तो स्क्रूंवर टेकतो आणि गिटारच्या पोटातल्या स्प्रिंगा त्याला मागून ओढून धरतात. एका बाजूला सहा तारांची ओढ, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांची. सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची असलेला संच लावला तर सहाही तारा मिळून सुमारे ४६ किलोचा ताण देतात, ०.००९चा संच लावला तर ३८ किलोच्या आसपास. या दोन ओढींच्या मध्ये ब्रिज तरंगत राहतो. त्याला जोडलेली दांडी दाबली की तारा सैल पडून सूर उतरतो, दांडी सोडली की सूर परत जागेवर येतो.

ऑर्केस्ट्रात वाजवायला लागलो तेव्हा ही दांडी मला फार प्रिय होती. ‘कर्ज’ (१९८०) चित्रपटातल्या ‘एक हसीना थी’चा गिटारचा तुकडा गोरख शर्मा यांनी वाजवलेला आहे, आणि तो आला नाही तर आमच्या भागात तुम्हाला कुणी गिटारवाला म्हणत नाही. त्यातल्या लांब सुराच्या शेवटी दांडीला हलकासा झोल दिला की सूर जिवंत होतो. आमच्या गावच्या अंबिका देवीच्या यात्रेत, रथसप्तमीच्या सुमारास, खुल्या मैदानावर तो तुकडा वाजवताना मिळालेला आनंद मी कधीच विसरणार नाही.

अडचण सुरू झाली ती अभंगांपासून. पंढरपूर इथून जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर. आमच्याकडे कार्यक्रमाची सुरुवात अभंगानेच होते. मी डी तार मोकळी ठेवून तिचा षड्ज धरायचो, पांढरी दोनचा, आणि शेजारच्या जी तारेवर पंचमावरून धैवतावर मींड घ्यायचो. गिटारवर मींड म्हणजे तार पडद्यावर आडवी ओढायची. पण ब्रिज तरंगता असेल तर एक तार ओढताच तिचा ताण वाढतो, ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या पाचही तारा त्याच क्षणी सैल पडतात. मींड धैवतावर पोहोचायची आणि खालचा षड्ज उतरलेला असायचा. तबला पांढरी दोनमध्ये लावलेला, पेटीही त्याच पट्टीत, आणि माझा षड्ज तेवढा त्यांच्याखाली. शिवाय ब्रिज थोडा नमतो म्हणून मींडेला तारही जास्त ओढावी लागायची. त्याने बोटांची टोकं सोलून निघायची.

रॉक संगीताच्या पुस्तकांत या दोषाबद्दल एखादं वाक्य असतं, कारण त्या संगीतात मोकळ्या तारेचा आधारस्वर धरून मींड घेण्याचा प्रसंग कमी येतो. आपल्या संगीतात सगळी इमारत त्या आधारस्वरावर उभी आहे. म्हणून ब्रिजचा प्रश्न आपल्या वादकांसाठी जास्त महत्त्वाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

तरंगत्या ब्रिजवर तळहात टेकवायचीही चोरी. मागच्या कडेवर थोडा भार पडला तरी ब्रिज मागे दबतो आणि सूर चढतो. तार तळव्याच्या कडेने हलकेच दाबून ठोके काढायचे असतील तर हात टेकल्यासारखाही हवा आणि अधांतरीही हवा. दोन तासांच्या कार्यक्रमानंतर अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत कळ यायची. त्यात यात्रेच्या एका रात्री ऐन गाण्यात बारीक तार तुटली. पक्क्या ब्रिजवर तार तुटली तर उरलेल्या पाच तारांवर गाणं निभावून नेता येतं. इथे तारांची ओढ कमी झाली, स्प्रिंगांनी ब्रिज मागे खेचला आणि उरलेल्या पाचही तारा चढल्या. ऑर्केस्ट्राचे मालक मागून म्हणाले, “मास्तर, तुम्ही थांबा. कीबोर्डवर धकवतो.”

त्यानंतर पंढरपूरच्या एका मित्राची लेस पॉल घाटाची गिटार मी काही दिवस वापरली. तिच्यावरचा ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज गिब्सन कंपनीने १९५४ सालीच आणला, टेड मॅकार्टी कंपनीचे प्रमुख असताना. दोन खुंटांवर उभी असलेली एक पट्टी आणि तारा अडकवायला तिच्यामागे वेगळा दांडा. काहीही हलत नाही. मी षड्ज धरून मींड घेतली आणि षड्ज जागचा ढळला नाही. शिवाय या गिटारीची तार ब्रिजपासून गळ्याच्या टोकापर्यंत साधारण ६२८ मिलिमीटर, स्ट्रॅटोकास्टरची ६४८. लांबी कमी म्हणजे त्याच सुराला ताण कमी, त्यामुळे मींड सहज निघते. तळहात निर्धास्त टेकवता येतो, ठोके दमदार येतात. मात्र हा ब्रिज अंगापासून उंच असतो. करंगळी गिटारच्या अंगावर टेकवून वाजवायची माझी सवय तिथे चालेना. हात वर उचलून धरावा लागे आणि मनगटाचा कोन बदले. तीच गिटार माझ्या एका लांब बोटांच्या विद्यार्थ्याच्या हातात अगदी चपखल बसली.

टेलिकास्टर घाटाचा ब्रिज म्हणजे पत्र्याचा उथळ ट्रे आणि त्यात तारा टेकायची सॅडल्स, जुन्या पद्धतीत दोन-दोन तारांना मिळून एक. आवाज खणखणीत, सूर पक्का, पण ट्रेची खालची कड तळव्याला लागते. मला तो मानवला नाही.

दुसऱ्या टोकाला फ्लॉइड रोझ ब्रिज. पुण्यात इंजिनिअरिंग करणारा माझा एक विद्यार्थी सुट्टीत अशी गिटार घेऊन आला होता. अमेरिकेतल्या फ्लॉइड रोझ या वादकाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ही रचना बसवली आणि गिटारवादक एडी व्हॅन हेलनमुळे ती जगभर पोहोचली. तारा ब्रिजवर आणि गळ्याच्या टोकाशीही चिमट्यात आवळलेल्या असतात. दांडी कितीही दाबा, सोडल्यावर सूर तंतोतंत परत येतो. इंजिनिअरिंग म्हणून ती रचना अप्रतिम आहे. पण आमचा गायक ऐनवेळी “आज काळी एकवर घेऊ” म्हणतो, म्हणजे पट्टी अर्ध्या सुराने खाली आणतो, तेव्हा ती हतबल होते. आधी चिमटे सोडवायचे, आणि एक तार उतरवली की ब्रिज सरकून बाकीच्या चढतात. पुन्हा सगळ्या लावा, पुन्हा पहिली बघा. तेवढ्या वेळात दोन गाणी होऊन जातात.

माझ्या गिटारची तार मात्र वारंवार एकाच जागी, सॅडलवर, तुटत होती. तिच्यासाठी मी मिरजेला गेलो. कुर्डुवाडी–मिरज रेल्वेमार्ग सांगोल्यातूनच जातो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती कला तिथे एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे आणि तिला लागणारे भोपळे आमच्या शेजारच्या मंगळवेढा-पंढरपूर भागात पिकतात. सतारीच्या घोडीवर, म्हणजे तिच्या ब्रिजवर, जवारी काढणाऱ्या, म्हणजे तार टेकते तो भाग घासून नाद जुळवणाऱ्या माणसाला तार कुठे आणि कशी टेकते याची जितकी समज असते, तितकी गिटारच्या दुकानात मला कुठेच आढळली नव्हती.

एका वृद्ध कारागिरापुढे गिटार ठेवली. त्यांनी आधी वाजवून बघायला सांगितलं. मी षड्ज धरून मींड घेतली. ते ब्रिजकडे बघत होते. म्हणाले, “मास्तर, ही हलती घोडी आहे. हिच्यावर तंबोरा धरता येणार नाही.” सतारीची घोडी तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर, मुख्यतः तारांच्या दाबानेच उभी राहते, पण तो दाब थेट खाली असतो, म्हणून ती हलत नाही. हे त्यांनी मला समोरच्या सतारीवर दाखवलं. मग भिंग लावून सॅडल पाहिलं. तार टेकते तिथे धातूची बारीक धार राहिली होती आणि तीच तार कापत होती. बारीक कानशीने आणि पॉलिश कागदाने त्यांनी ती गोल केली. उंची कमी-जास्त करायच्या स्क्रूंची वर आलेली टोकंही घासून सॅडलच्या पातळीला आणली. त्या दिवसापासून तळव्याला बोचणं थांबलं आणि त्या जागी तार तुटणंही थांबलं.

हलत्या घोडीचा इलाज सांगोल्यातच झाला. ब्रिजखालचा धातूचा ठोकळा गिटारच्या पोटात मागेपुढे होतो, त्या फटीत लाकडाची पाचर बसवली की ब्रिज जागचा हलू शकत नाही. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनीही आपल्या स्ट्रॅटोकास्टरचा ब्रिज लाकूड बसवून असाच पक्का केला होता. आमच्या गल्लीतल्या सुतारमामांनी बाभळीच्या वाळलेल्या लाकडाची पाचर करून दिली. बैलगाडीच्या कामात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी माप घेतलं, दोनदा रंधा मारला आणि पाचर अशी बसवली की आत कागदही सरकणार नाही. त्या संध्याकाळी मी अभंग वाजवला. षड्ज शेवटपर्यंत हलला नाही. हात ब्रिजवर भार टाकून विसावला आणि मनगटाची कळ पुढच्या काही आठवड्यांत ओसरली.

दांडीचा झोल गेला, ही हानी खरी आहे. जेफ बेक यांच्यासारखा वादक दांडी तळव्यात धरून गळ्यातून गावं तसं वाजवायचा, आणि ते तरंगत्या ब्रिजशिवाय शक्य नाही. ज्याला एकेरी सुरावट वाजवायची आहे आणि साथीला दुसरं कुणी आहे, त्याने तो मार्ग जरूर घ्यावा. मधलाही एक मार्ग आहे. पोटात पाच स्प्रिंगा लावून मागचे स्क्रू इतके आवळायचे की ब्रिज अंगावर टेकून बसेल. मग मींडेने तो उचलला जात नाही, तार तुटली तरी बाकीच्या चढत नाहीत, आणि दांडी दाबून सूर उतरवता येतो, चढवता तेवढा येत नाही. माझ्या दुसऱ्या गिटारवर मी हीच सोय ठेवली आहे आणि ‘एक हसीना थी’ तिच्यावरच वाजवतो.

पालकांना माझं सांगणं आहे. मुलाला घेऊन सोलापूरला किंवा पुण्याला गिटार घ्यायला जाल तेव्हा दुकानात त्याला पाच मिनिटं बसून वाजवू द्या. उजवा तळवा ब्रिजवर टेकवायला सांगा, कुठे बोचतं का विचारा. मग एक तार मोकळी छेडून शेजारची तार ओढायला सांगा आणि मोकळ्या तारेचा सूर उतरतो का ते कान देऊन ऐका. उतरला, तर ती गिटार पहिली गिटार म्हणून घेऊ नका. जिथे गिटार दुरुस्त करणारा जवळ नाही, अशा गावातल्या मुलाने पक्क्या ब्रिजवरच सुरुवात करावी.