नापास करण्याचा अधिकार

उपनगरांतल्या कॉलेजांभोवती पीएच.डी.ची निकड दोन प्रकारच्या माणसांना असते. एक म्हणजे सकाळी अंधेरीत आणि दुपारी बोरिवलीत तासिका तत्त्वावर शिकवणारे. सेट-नेट खिशात असतं, पण जागेची जाहिरात निघाली की मुलाखतीच्या बाकड्यावर शेजारी ‘डॉ.’ बसलेले दिसतात. दुसरे सीप्झमध्ये नाहीतर बीकेसीत मॅनेजर होऊन पन्नाशीला टेकलेले. दोघंही मला जवळपास सारखीच पीडीएफ पाठवतात: परदेशी विद्यापीठ, ऑनलाइन डॉक्टरेट, फी काही लाख, ईएमआयची सोय, शेवटच्या पानावर गाऊन-टोपीतले हसरे चेहरे. खाली एकच प्रश्न: ‘मॅडम, ही चालेल का?’

मी वाणिज्य शाखेची गाईड आहे, आणि दुसऱ्या विद्यापीठांचे थिसिस परीक्षक म्हणून वाचते. माझा उलट प्रश्न ठरलेला: कुठे चालवायची आहे?

कॉलेजात शिकवायला म्हणत असाल, तर विषय तिथेच संपतो. यूजीसी आणि एआयसीटीई यांनी ऑक्टोबर 2022 मध्ये संयुक्त सूचना काढून बजावलं, की एडटेक कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून देतात त्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही. त्याच वर्षीच्या पीएच.डी. नियमावलीत अर्धवेळ संशोधनाला वाट आहे; ऑफिसची एनओसी आणा, नोकरी सांभाळून करा. पण कोर्सवर्क चुकत नाही आणि तीन वर्षांच्या आत सुटका नाही. साहाय्यक प्राध्यापकाच्या जागेला तर जुलै 2023 पासून सेट-नेट पुरतं, पीएच.डी.ची सक्ती नाही. ती अडते सहयोगी प्राध्यापक होताना. आणि तिथे ही पीडीएफवाली पदवी फाइलमध्ये लावून उपयोग नसतो.

मान्यतेचं हे एवढंच. मला खरा रस पैशाच्या वाटेत आहे.

आपल्याकडे कायद्याने नफेखोर विद्यापीठ नसतंच. टीएमए पै खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने संस्थेला वाजवी शिल्लक ठेवायची मुभा दिली, नफेखोरीची नाही. कागदावर खासगी विद्यापीठामागे ट्रस्ट, सोसायटी नाहीतर ना-नफा कंपनी. म्हणून पाटी बघून काही कळत नाही. मी विचारते: हा थिसिस परत पाठवला, तर कुणाचे पैसे बुडतील?

आमच्याकडे याचं उत्तर ‘कुणाचेच नाही’ असं येतं. थिसिस किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. ते त्या विद्यापीठाच्या नोकरीत नसतात आणि त्यांचं मानधन किरकोळ असतं. एकाने नाकारला तर तो तिसऱ्याकडे जातो, आणि त्यानेही नाकारला तर व्हायवा होत नाही. हा नकार उगाच येत नाही. मागे एक प्रबंध आला होता, कर्मचाऱ्यांच्या समाधानावर. दोनशे जणांची प्रश्नावली, पाच पर्यायांची मोजपट्टी, पानभर तक्ते. वयोगटाच्या तक्त्यात बेरीज दोनशे, पगाराच्या तक्त्यात एकशे एक्याण्णव. उरलेले नऊ कुठे गेले याचा प्रबंधभर पत्ता नाही. लोक पगार सांगायला बिचकतात, हे अगदी स्वाभाविक. मग तसं लिहा, आणि कोण बिचकले तेही पाहा. कदाचित संशोधन तिथेच असेल! मी दुरुस्तीचा शेरा मारला. विद्यार्थ्याचे सहा महिने गेले, पण ना माझा खिसा भरला, ना विद्यापीठाचा रिकामा झाला.

आता जिथे प्रत्येक टर्मची फी हेच उत्पन्न आहे, तिथलं बघा. अमेरिकेतलं वॉल्डन विद्यापीठ बोगस मुळीच नाही. 1970 सालचं आहे आणि 1990 पासून रीतसर मानांकित. पण त्याच्या व्यवसाय-प्रशासनाच्या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांनी 2022 मध्ये खटला भरला: शेवटच्या प्रकल्पाला सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त क्रेडिट घ्यावी लागली, म्हणजे तेवढी जास्त फी. विद्यापीठाने आरोप नाकारले, पण 2024 मध्ये 2 कोटी 85 लाख डॉलरवर तडजोड केली. आरोप खरे धरले, तर तिथे ‘अजून सुधारा’ म्हणण्यातच कमाई होती.

उलट टोक आपल्या देशात आहे. मेघालयातल्या सीएमजे विद्यापीठाने एका वर्षात चारशेहून अधिक पीएच.डी. दिल्या आणि शेवटी ते गुंडाळावं लागलं. जानेवारी 2025 मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या ओपीजेएस, सनराइज आणि सिंघानिया या तीन विद्यापीठांना पाच वर्षं पीएच.डी.चे प्रवेश बंद केले. ही सगळी प्रत्यक्ष जागेवरची विद्यापीठं, ऑनलाइनचा काही संबंध नाही. म्हणून ऑनलाइन म्हटलं की नाक मुरडणाऱ्या सहकाऱ्यांशी माझं जमत नाही. रात्री अकराला लॅपटॉपवर मिळालेला गाईड दिवसा केबिनमध्ये न सापडणाऱ्या गाईडपेक्षा बरा.

मुलुंडच्या एका बँक अधिकारी बाईंना अशाच ऑनलाइन डॉक्टरेटसाठी मी अलीकडेच ‘खुशाल घ्या’ म्हटलं. त्यांना ना नोकरी बदलायची होती, ना प्रमोशन हवं होतं. कर्जवसुलीवर शिस्तीत वाचून काही लिहायचं होतं, आणि पैसे स्वतःचे होते. फक्त दोन गोष्टी लेखी मागून घ्यायला सांगितलं: परीक्षक बाहेरचा असेल का, आणि मुदत लांबली तर पुढच्या टर्मची फी किती. पहिल्याचं उत्तर लगेच आलं. दुसऱ्यासाठी समुपदेशकाने फोन करतो म्हणून सांगितलं. लेखी अजून काही आलेलं नाही.