पाठीवरचे बिऱ्हाड

माझ्या दादाच्या घराशेजारी आणखी एक घर उभे आहे. तेही त्याचेच. सतरा फूट लांब, पांढरे शुभ्र, खिडक्यांना पडदे, दाराशी पायरी आणि खाली दोन चाके. नंबराची पाटी आहे म्हणून दादा त्याला गाडी म्हणतो. इंजिन नाही म्हणून मी त्याला घर म्हणते. आणि वहिनी त्याला 'माझी सवत' म्हणते. अमेरिकेत या प्रकाराला कॅम्पर ट्रेलर असे नाव आहे. मोटारीच्या मागे जोडायचे, ओढत न्यायचे, एखाद्या रानात नाहीतर तळ्याकाठी उभे करायचे आणि चार दिवस त्यात संसार थाटून परत यायचे.

२०२३ च्या मे महिन्यात कॉलेजला सुटी लागल्यावर मी आईला घेऊन दादाकडे मिशिगनला गेले. डेट्रॉइटच्या विमानतळावरून घरी पोचलो, तर आईची नजर राहत्या घराकडे न जाता आधी या पांढऱ्या घराकडे गेली. शहात्तर वर्षांच्या त्या माउलीने एवढा प्रवास करून आल्यावरही त्याला एक पुरती फेरी घातली, वाकून चाके पाहिली आणि म्हणाली, "विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर!"

मराठी शिकवण्यावर जिचे पोट आहे, तिला अशा वेळी गप्प बसवत नाही. मी तिथल्या तिथे सांगून टाकले, की ही म्हण फारसे काही गाठीला नसलेल्या, उठला की निघाला अशा माणसाची आहे. विंचवाची मादी आपली पिले पाठीवर घेऊन हिंडते. तेवढाच तिचा संसार. दादाच्या विंचवाचे वजन साडेतेराशे किलो भरते, आणि त्याला उठून निघायचे तर अर्धा तास नुसत्या कड्या, साखळ्या आणि दिव्याच्या तारा जोडण्यात जातो. माझे व्याख्यान कोणी ऐकले नाही. आई दार उघडून आत गेली होती.

दादाच्या या बिऱ्हाडाचे वैशिष्ट्य असे, की ते सदैव भरलेले आणि तयार असते. शुक्रवारी साडेपाचला मनात आले तर सहाला निघता यावे, अशी त्याची प्रतिज्ञा आहे. (प्रत्यक्षात तिकडच्या सरकारी उद्यानांतल्या जागा लोक सहा सहा महिने आधी राखून ठेवतात, त्यामुळे मनात येण्याचे काम जानेवारीतच उरकून घ्यावे लागते. पण ते असो.) कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली आहे. तीत ११२ बाबी आहेत. ताटे, वाट्या, चमचे, कुकर, कुकरची जादा रिंग, काडेपेट्या, बॅटऱ्या, फ्यूज, चाकांना लावायची उटी, जमीन उंचसखल असेल तर चाकाखाली सरकवायचे ठोकळे. नळीला लागणारे रबरी वायसर त्याने औषधाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवले आहेत. ते सहा आहेत. मी हसले, तर तो गंभीरपणे म्हणाला, "एक वायसर हरवला की सगळं पाणी जमिनीवर."

पाण्याचे तर मोठेच प्रकरण आहे. ट्रेलरच्या पोटात तीस गॅलनांची, म्हणजे सुमारे ११३ लिटरांची टाकी आहे. हिवाळ्यानंतर ती वापरात घेण्याआधी दर पंधरा गॅलनांना पाव कप या मापाने त्यात कपडे शुभ्र करायचे ब्लीच घालायचे, ते सगळ्या नळांतून खेळवायचे, काही तास तसेच ठेवायचे आणि मग वास जाईपर्यंत धुऊन काढायचे. आईला हे ताबडतोब पटले. पानशेतच्या पुरानंतर पाण्यासाठी काय काय करावे लागले होते, हे तिने आपल्या आईकडून ऐकले होते, ते तिने दादाला ऐकवले. १९६१ सालचा तो पूर आणि मिशिगनची टाकी यांची सांगड आमच्या आईशिवाय दुसरे कोणी घालू शकेल असे मला वाटत नाही.

खरे सांगायचे, तर दादाची ही सगळी विद्या आईचीच आहे. वडिलांची नोकरी बदलीची होती आणि दर मे महिन्यात कोकणात आजोळी जायचे ते वेगळेच. आमच्या पलंगाखाली एक हिरवी ट्रंक असे. तिच्यात एक चादर, मेणबत्त्या, सुईदोरा, ओवा, सुंठ, बाम, फिरकीचा तांब्या आणि मेतकुटाची बरणी एवढे सामान बारा महिने राही. घरातला बाम संपला तरी ट्रंकेतल्या बामाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. एस.टी.च्या धुळीने माखून आम्ही परत आलो, की आई हातपाय धुण्याआधी ट्रंक उघडायची, ओले ते वाळत टाकायची आणि मेतकूट संपले असेल तर त्याच रात्री डाळी भाजायला घ्यायची. बाबा म्हणत, "अगं, आता वर्षभर कोण जातंय?" ती म्हणायची, "आल्या दिवशी भरली तर भरली."

मी या विद्येत नापास आहे. निघायच्या रात्री एकला माझी बॅग भरणे चालू असते आणि परत आल्यावर तीच बॅग आठ दिवस दिवाणखान्यात तोंड उघडून बसते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो ते उत्तरेकडे, सुपीरियर सरोवराच्या काठी, म्युनिसिंग नावाच्या लहानशा गावाजवळ. डेट्रॉइटपासून हे अंतर साडेसहाशे किलोमीटर तरी आहे. निघण्यापूर्वी एक वाद झाला. आईने तांदूळ, तूरडाळ आणि कणीक यांचे डबे मागच्या टोकाच्या पलंगाखाली नीट लावून ठेवले होते. दादाने ते सगळे बाहेर काढून पुढे आणून ठेवले. ट्रेलरच्या वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार मोटारीच्या कडीवर पडला पाहिजे. मागे ओझे झाले, तर वेगात असताना ट्रेलर शेपटासारखा हेलकावे खाऊ लागतो आणि ओढणाऱ्या मोटारीलाही खेचतो, हे त्याने कागदावर चित्र काढून समजावले. आईने चित्र पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे गाडी उलाळ होते म्हण की. तुझे आजोबा बैलगाडीत भाताची पोती भरताना हेच तर ओरडायचे!" दादा गप्प झाला. इंजिनिअरिंगच्या पुस्तकातले पान आजोबांनी एका शब्दात बसवले होते, आणि तो शब्द आम्ही दोघेही विसरलो होतो. मी तर पगार घेऊन विसरले होते.

वाटेत मॅकिनॉचा पूल लागतो. १९५७ साली बांधून झालेला, सुमारे आठ किलोमीटर लांबीचा. त्याच्या आतल्या बाजूच्या मार्गिकांवर रस्त्याऐवजी लोखंडी जाळी आहे, आणि जाळीतून खाली पाणी दिसते. वहिनीने डोळे मिटून घेतले. आईने काच खाली करून पाहिले. सरपण मात्र आम्ही बरोबर घेतले नव्हते, आणि हे यादीत नसणे मुद्दामच होते. २००२ साली डेट्रॉइटच्या आसपास एक हिरवा चकाकता किडा सापडला. त्याने ॲश जातीची कोट्यवधी झाडे वाळवून टाकली. तो सरपणातून गावोगाव पसरतो, म्हणून लाकूड जिथे जाळायचे तिथेच विकत घ्यावे, असे तिकडे ठिकठिकाणी बजावलेले असते.

सरोवराकाठी पोचलो तेव्हा उजेड होता. दादाने ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावला, चाकांना उट्या दिल्या, पातळी पाहिली. पाण्याची नळी जोडायचे काम हौसेने मी अंगावर घेतले, आणि वायसर हरवला. दादा काही बोलला नाही. त्याने नुसती औषधाची डबी पुढे केली.

संध्याकाळी आईने आमटीला फोडणी दिली. ट्रेलरमध्ये धुराची सूचना देणारे एक यंत्र आहे, विषारी वायूची सूचना देणारे दुसरे आणि स्वयंपाकाच्या गॅसची सूचना देणारे तिसरे. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून ते जमिनीलगत. हिंग-मोहरीला पहिल्याने जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारच्या ट्रेलरमधले वृद्ध जोडपे धावत आले. त्यांना आमटीभात वाढावा लागला. त्यानंतरच्या फोडण्या बाहेरच्या शेगडीवर झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र घात झाला. बाहेर चांगलीच थंडी होती, चहा उकळला होता, कप मांडले होते, आणि गाळणी नव्हती. दादाने यादी पाहिली. यादीत गाळणी होती. कपाट, खण, पलंगाखालचा डबा, सारे पाहून झाले. सहा वायसर (आता पाच), फ्यूजची पेटी, तीन तऱ्हांचे प्लग, आणि गाळणी नाही! अखेर वहिनीला आठवले: मागच्या सप्टेंबरात परतल्यावर गाळणी घासायला म्हणून तिने घरात नेली, ती तिथेच राहिली. दादाचा चेहरा असा झाला होता, की जणू चाकच राहिले आहे. आईने एक धुतलेला रुमाल काढून चहा गाळला. "अरे, वस्तू जाताना विसरत नाहीत," ती म्हणाली, "येताना विसरतात."

चार दिवस फार चांगले गेले. त्यांचे वर्णन करत नाही. आईने सरोवराचे पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावून पाहिले, ते गोडे निघाल्यावर पलीकडचा काठ न दिसणाऱ्या त्या पाण्याकडे पुष्कळ वेळ पाहत बसली आणि दादाला म्हणाली, "एवढं असताना तू टाकी भरून आणलीस?"

परत आलो त्या संध्याकाळी मी सोफ्यावर आडवी झाले. आई झाली नाही. गाळणी घेऊन ती तडक ट्रेलरमध्ये गेली. थोड्या वेळाने लाजेने मीही गेले. दादा यादी हातात धरून एकेक बाब तपासत होता आणि मी चमचे मोजत होते. औषधांचे कपाट उघडून तो थांबला. पट्ट्या, मलम आणि तापाच्या गोळ्या यांच्यामागे तांब्याचा एक लहान गडू होता. तोंड झाळून बंद केलेला. काशीचा.

आमच्या घरातला पहिला गडू मी फोडला होता, २०११ च्या फेब्रुवारीत. बाबांच्या तोंडात गंगाजल मी घातले. दादा त्या वेळी शिकागोच्या विमानतळावर होता. बर्फाच्या वादळाने विमाने उडत नव्हती. तो पोचला तेव्हा अस्थी गोळा करून झाल्या होत्या. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, आम्हीही विचारले नाही. ट्रेलर त्याने त्यानंतर तीन वर्षांनी घेतला. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असे मी म्हणत नाही. तोही म्हणणार नाही. पण पासपोर्ट, पैसे आणि दोन कपडे घातलेली एक बॅग त्याच्या पलंगाखाली तेव्हापासून असते, हे वहिनीने मला सांगितले आहे.

"आई, हे कशाला?" त्याने विचारले.

आई पायरीवर बसून ठोकळ्यांची माती झाडत होती. "तुझ्या यादीत नव्हतं," ती म्हणाली.

"पण..."

"मी इथं असताना काही झालं, तर कुठं शोधत बसशील? आणि तिथं असताना झालं, तर ही आहे. माझ्याकडे पुण्याला दुसरा आहे. तू तेव्हा जिवाचा आटापिटा करून यायचं नाही. निवांत ये." ठोकळा तिने दुसऱ्या ठोकळ्यावर आपटला. "चमचे किती भरले गं?"

चमचे मी पुन्हा पहिल्यापासून मोजले. दादा बराच वेळ कपाटाकडे तोंड करून उभा होता. मग त्याने कानावरची पेन्सिल काढली.

आम्ही जूनमध्येच परतलो. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी त्याचा फोन आला, तेव्हा तिकडे पहाटेचे दव गोठू लागले होते आणि ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद करण्याचे काम चालले होते. पाणी गोठले की फुगते आणि नळ, टाक्या फोडते. म्हणून ते थेंबन् थेंब काढून टाकायचे आणि नळांतून न गोठणारे गुलाबी औषध खेळवायचे. उंदरांच्या वाटा लोखंडी लोकरीने बुजवायच्या. जे जे पातळ, ते ते घरात न्यायचे: तेल, मध, साबण, खोकल्याचे औषध.

"तोही घरात आणला," दादा म्हणाला. "देवाजवळ ठेवलाय. थंडीत तांबं फुटलं असतं."

"झाळ सुटली नाही ना?" आईने विचारले.

"नाही."

"मग राहू दे. एप्रिलमध्ये आठवणीनं परत ठेव."

"यादीत आहे, आई. एकशे तेरा."

"आणि गाळणी?"

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग वहिनीच्या हसण्याचा आवाज आला. गाळणी स्वयंपाकघरात होती.