'नांव' कोणत्या नावाने?

मुक्तस्रोत संगणकप्रणालींमध्ये पुरवणीच्या नावाआधी एक जोड लावण्याची रीत आहे. जँगोच्या अनेक पुरवण्या 'जँगो-'ने सुरू होतात, पायटेस्टच्या 'पायटेस्ट-'ने. व्याकरणातल्या उपसर्गाशी याचे साम्य वरवरचेच. 'हार'चा 'प्रहार' करणारा उपसर्ग अर्थ फिरवतो. ही जोड अर्थाला हात न लावता केवळ कूळ सांगते. शाळेच्या पटावर आडनाव आधी लिहावे तसे. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत मग सारे कुटुंब एका ठिकाणी सापडते.

पण कूळ ठरवायचे कशावरून? डेबियनमध्ये टंकांच्या पॅकेजांना पूर्वी 'टीटीएफ-' ही जोड असे. ती ट्रूटाइप या तंत्राची खूण. पुढे ओपनटाइप टंक रूढ झाले आणि ती खूण अपुरी पडू लागली. तेव्हा 'फॉन्ट्स-' ही व्यापक जोड आली. अशा वेळी जुन्या नावाचे एक रिकामे पॅकेज काही काळ ठेवतात; नव्या नावाकडे बोट दाखवणे एवढेच त्याचे काम. आज 'फॉन्ट्स-देवा' हे नाव लिपीवरून आहे, त्यात मराठी, हिंदी, नेपाळी एकत्र नांदतात. 'अस्पेल-एमआर' हा शब्दसंग्रह मात्र भाषेवरून.

हा प्रश्न माझ्यापर्यंत आला तो अध्यापनाच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकातले गद्य संगणकावर उतरवताना 'नांव', 'घरांत', 'केलें' या शब्दांखाली लाल रेघ उमटते, आणि विद्यार्थ्यांना वाटते की लेखकच चुकला. म्हणून आम्ही दोघातिघांनी त्या लेखनाचा शब्दसंग्रह पुरवणी म्हणून जुळवायला घेतला. शब्द जमत गेले; नावावर अडलो. एका मित्राने 'जुनी' ही जोड सुचवली. मला ती मानवेना. 'जुनी' म्हणताच १९६२ च्या नियमांनंतरचे लेखन तेवढी मराठी ठरते, आणि त्याआधीचे सारे वाङ्मय तिची पुरवणी.

जर्मन भाषेच्या संगणकीय संकेतांत याचे एक समंजस उत्तर आहे. तिथे पारंपरिक लेखनाला '१९०१' आणि सुधारित लेखनाला '१९९६' अशा खुणा आहेत. दोहोंना सालच दिले आहे, कोणालाही 'जुने' म्हटलेले नाही. आमच्याकडे मात्र १९६२ पूर्वीच्या लेखनाला असे एक साल चिकटवता येत नाही. ते अनेक पिढ्यांच्या वहिवाटीतून घडले. तेव्हा सालाऐवजी लक्षण घेतले: आधी आज्ञावली, मग भाषा, शेवटी 'सानुस्वार'. ऱ्हस्वदीर्घाचे भेद या नावात मावत नाहीत, हे खरे. पण यादी चाळणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून एवढे नक्की कळेल, की त्या अनुस्वारांना जागा होती, आणि ती चूक नव्हती.