ऑर्गनच्या शोधात ल्यूबेकला

श्टुटगार्टहून उत्तरेला निघालेल्या गाडीत आम्ही मायलेकी हिशोब करत बसलो होतो. श्टुटगार्टचं संगीत महाविद्यालय लेकीच्या मनात पुरतं भरलं होतं. वेगवेगळ्या काळांच्या घडणीचे ऑर्गन तिथे एकाच छताखाली शिकायला मिळतात. पण ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं आणि या राज्याने २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी लावली आहे. चार वर्षांच्या पदवीची आठ सत्रं धरली तर १२,००० युरो झाले. जर्मनीत शिक्षण फुकट असं आपल्याकडे सर्रास सांगतात, ते राज्य बघून सांगायला हवं. शिवाय फी असो वा नसो, व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवून ठेवावे लागतात.

म्हणून श्लेस्विग-होल्स्टाइनमधलं ल्यूबेक. तिथल्या सरकारी संगीत महाविद्यालयात पदवीला फी नव्हती, सत्राची वर्गणी तेवढी भरायची.

हँबर्गला गाडी बदलली की पाऊण तासात ल्यूबेक येतं. होल्स्टन दरवाजाचे ते विटांचे झुकलेले जाडजूड बुरूज मागे टाकून पुलावरून गेलं की जुनं गाव. महाविद्यालय जुन्या व्यापाऱ्यांच्या वाड्यांत भरतं. बाहेरून वेगवेगळी दिसणारी घरं आतून एकमेकांना जोडलेली आहेत.

सरावाच्या खोलीत एका विद्यार्थ्याने लेकीला बाकावर बसू दिलं. माझं बालपण संगीत नाटकांच्या ऑर्गनवर गेलं, म्हणजे पायपेटीवर. तिथे पाय भाता हलवतात आणि सूर हातांतून येतो. इथे पायांनाही स्वतःची सुरावट आहे. खाली लाकडी पट्ट्यांचा अख्खा पट पसरलेला, आणि वाजवताना खाली बघायचं नाही. त्यासाठी पातळ तळव्याचे, टाच असलेले खास बूट घालतात. लेकीने हाताखालची एक पट्टी हळूच दाबली. "आई, हात लावून बघ, आतलं काहीतरी सुटतं ते बोटाला कळतं." खरंच कळत होतं. पट्टीपासून झडपेपर्यंत लाकडाच्या बारीक काड्यांची साखळी असते, झडप उघडली की वारा नळीत शिरतो. पट्टी किती हळू सोडायची हेसुद्धा इथे शिकायचं असतं. विजेवरच्या कीबोर्डवर ते शिकता येत नाही.

आणि मला वाटतं, महाविद्यालय निवडताना खरा प्रश्न हाच आहे. व्हायोलिनवाला वाद्य घरी नेतो, ऑर्गनवाल्याला वाद्यापाशी जावं लागतं. तेव्हा नावलौकिकाआधी विचारायचं ते हे, की सरावाला कुठला ऑर्गन मिळेल, आठवड्याला किती तास, आणि गावातल्या चर्चची दारं विद्यार्थ्यांना उघडतात का.

ल्यूबेक या बाबतीत श्रीमंत आहे. याकोबी चर्चमध्ये ऑर्गन घडवणाऱ्या श्टेलवागेनने १६३७मध्ये वाढवलेला लहान ऑर्गन आहे, त्यातल्या काही नळ्या त्याहूनही जुन्या. मारिया चर्चमध्ये संगीतकार बुक्स्टेहुड १६६८पासून १७०७पर्यंत ऑर्गन वाजवत होता. त्याला ऐकायला वीस वर्षांचा बाख १७०५मध्ये आर्नश्टाटहून सुमारे चारशे किलोमीटर पायी आला. चार आठवड्यांची रजा घेऊन आलेला तो जवळजवळ चार महिने राहिला. १९४२च्या बॉम्बहल्ल्यात हे चर्च जळालं, जुने ऑर्गनही गेले. कोसळून फुटलेल्या घंटा पडल्या तिथेच ठेवल्या आहेत. आजचा मोठा ऑर्गन १९६८चा.

संध्याकाळी पदवीवरून आमचा वाद झाला. लेकीला निव्वळ ऑर्गन वादन हवं होतं. चर्चसंगीताच्या पदवीत गायकवृंद चालवणं, उपासनेसाठी वाजवणं, आयत्या वेळी सुरावट रचणं हे सगळं येतं, आणि पगारी नोकऱ्या तिथेच जास्त आहेत. मात्र त्या बहुधा चर्चच्या सभासदांनाच मिळतात. आम्ही सभासद नाही. तेव्हा तिचंच म्हणणं मान्य केलं. नोकरीचं नंतर बघू, चार वर्षं या वाद्यापाशी बसायला मिळणं हेच मला मोलाचं वाटतं.

प्रवेशपरीक्षेत ऑर्गनबरोबर पियानो, श्रवण आणि संगीतशास्त्रही तपासतात, आणि जर्मन यायला हवी. लेकीने परतीच्या गाडीतच वही काढली. मुंबईत पोचल्यावर आधी जर्मनची शिकवणी आणि मग पाइप ऑर्गन असलेल्या चर्चकडे सरावाच्या वेळेची विनंती, असं ठरलं.