आणखी एक वर्ष



रविवारची मराठी मिस्सा संपली की आमच्या चर्चच्या आवारात फणसाच्या झाडाखाली मोठी मुलं घोळका करून थांबतात. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांच्या तोंडी एकच विषय होता, फॉर्म्युला वन शर्यतींमधला साऊबर संघ. वर्ष संपत आलं तरी त्याच्या खात्यावर एकही गुण नव्हता. एक म्हणाला, "दोन्ही ड्रायव्हर बदला." दुसरा म्हणाला, "गाडीच भंगार आहे, ड्रायव्हर बिचारा काय करणार?" तिसऱ्याचं म्हणणं, "२०२६ पासून हा आउडीचा संघ होणार आहे, तोवर यांनी शर्यतीला यायचंच कशाला?" मग सगळे आमच्याकडे वळले. "सर, तुम्हीच सांगा की, हा संघ सुधारायचा कसा?"

आम्हाला हसू आलं. कारण पंचवीस वर्षांपूर्वी याच झाडाखाली आम्ही हाच वाद घालत होतो, फक्त संघ दुसरा होता.

१९९९ साली आम्ही युवक मंडळातले चौघे मित्र कॉलेजात होतो. चौघांपैकी एकाच्याच घरी केबल होती. त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, उद्यमबागेत लेथवर काम करायचे. रविवारी संध्याकाळी साडेपाचला युरोपातली शर्यत लागली की आम्ही त्यांच्या घरी जमिनीवर मांडी घालून बसायचो. बाकी सगळ्यांचा जीव फेरारीवर किंवा मॅक्लारेनवर. आमचा जीव जडला होता मिनार्डीवर. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा सगळ्यात मागची गाडी बघितली की आपल्या माणसाची आठवण होते म्हणून.

मिनार्डी हा इटलीतल्या फाएन्झा गावचा संघ. हे गाव मातीच्या रंगीत भांड्यांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध. तिथल्या जियानकार्लो मिनार्डी नावाच्या माणसाने हा संघ उभा केला आणि १९८५ साली फॉर्म्युला वनमध्ये आणला. फेरारीचं गाव मारानेल्लो त्याच प्रांतात. तिकडे पैशाला कमी नाही, आणि इकडे दरवर्षी पुढचं इंजिन कुठून आणायचं ही चिंता. त्या काळी शर्यतीत पहिल्या सहा जणांनाच गुण मिळायचे, त्यामुळे सातवा आलेलाही रिकाम्या हाताने घरी जायचा. मिनार्डी बहुतेक वेळा त्याच्याही मागे.

आम्ही चौघे सल्ले देण्यात मात्र पहिल्या नंबरवर होतो. एकाचं मत, इंजिन बदला. त्याच्याकडे पुरावाही होता: १९९१ साली मिनार्डीला फेरारीचं इंजिन मिळालं होतं आणि त्या वर्षी संघ सातवा आला होता. दुसरा म्हणे, पैसे घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला गाडी द्यायची नाही, फक्त गुणी पोरांना द्यायची. तिसरा हिशेबी होता. तो म्हणे, इतकी वर्षं शेवटी राहायचं त्यापेक्षा संघ विकून टाकावा आणि सुटावं. आम्ही स्वतः ड्रायव्हरवर घसरायचो. "हा मंद आहे, याला काढा," हे आमचं ठरलेलं वाक्य.

काका कोपऱ्यात पेपर वाचत असायचे. एकदा ते पेपर खाली न करताच म्हणाले, "इंजिन बदला म्हणायला तोंड लागतं रे. दोन थाऊचा फरक काढायला रात्र जाते." आम्ही हसलो आणि वाद पुढे चालू ठेवला.

मग आला २६ सप्टेंबर १९९९. जर्मनीत नुरबुर्गरिंगला शर्यत होती. पाऊस येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. पुढे असलेल्या गाड्या एकामागून एक बाद होऊ लागल्या. कुणाची वीजयंत्रणा बंद पडली, कुणी ओल्या रस्त्यावरून घसरलं, कुणाचं टायर फाटलं. फेरारीचा एडी आयर्विन टायर बदलायला आत आला तर त्याचं चौथं चाकच तयार नव्हतं. एवढा श्रीमंत संघ, आणि गाडी तीन चाकांवर उभी! या सगळ्या गोंधळात मिनार्डीचा लुका बादोएर हळूहळू वर सरकत चौथ्या क्रमांकावर आला.

बादोएर म्हणजे आम्ही ज्याला 'मंद' म्हणायचो तोच. तो फेरारीचा चाचणी ड्रायव्हरही होता. त्याच वर्षी जुलैत मायकेल शूमाखरचा पाय मोडला, तेव्हा फेरारीने त्याच्या जागी बादोएरला न घेता मिका सालोला घेतलं होतं. फॉर्म्युला वनमध्ये बादोएरला तोवर एकही गुण मिळाला नव्हता. आणि आता तो चौथा होता. आम्ही उभे राहिलो होतो. काकांनी पेपर बाजूला ठेवला होता.

तेरा फेऱ्या उरल्या असताना गाडीच्या मागून धूर निघाला. गिअरबॉक्स गेला होता. बादोएर गाडीतून उतरला, गाडीवर डोकं टेकलं आणि रडला. आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही. काका तेवढे म्हणाले, "पोरगा चुकला नाही. गिअरबॉक्स गेला."

शर्यत मात्र संपली नव्हती. मिनार्डीची दुसरी गाडी, मार्क जेनेची, अजून धावत होती. शेवटी तो सहावा आला, आणि त्याच्या मागे सातवा कोण, तर फेरारीचा आयर्विन! एक गुण. १९९५ नंतर मिनार्डीला मिळालेला पहिला गुण. त्याच वर्षी ब्रिटिश अमेरिकन रेसिंग हा नवा संघ तंबाखू कंपनीचा अफाट पैसा आणि जाक व्हिलनव्हसारखा जगज्जेता घेऊन उतरला होता. त्याला वर्षभरात एकही गुण मिळाला नाही. बादोएरलाही पुढे कधीच मिळाला नाही.

आता त्या नोव्हेंबरकडे परत येऊ. मुलांनी आम्हाला गाठलं त्याच आठवड्यात पॅरिश कौन्सिलची बैठक होती. विषय होता मराठी धर्मशिक्षण वर्ग. पटावर अकरा नावं, वर्गात येणारी मुलं पाच. बहुतेकांच्या शाळा इंग्रजी किंवा कन्नड माध्यमाच्या. वर्ग बंद करून मुलांना इंग्रजी वर्गात बसवावं, अशी सूचना आली. मग सल्ले सुरू झाले. प्रोजेक्टर आणा. गिटार वाजवणारा कुणी आणा. शिक्षक बदला. पालकच आळशी आहेत. बंद करा आणि सुटा. आम्हीही गप्प बसलो नाही. "मुलं अभ्यासच करत नाहीत," असं आम्ही सगळ्यांसमोर म्हणालो, आणि म्हणता म्हणताच आम्हाला काकांचा आवाज ऐकू आला. पोरगा चुकला नाही.

त्या रात्री आम्ही लूककृत शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडला. त्यात प्रभू येशूने अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला आहे. मळ्याचा मालक तीन वर्षं फळ शोधत येतो आणि तीनही वर्षं रिकाम्या हाताने परत जातो. शेवटी तो म्हणतो, तोडून टाका, जमीन तरी मोकळी होईल. माळी म्हणतो, एवढं एक वर्ष राहू द्या.

हा दाखला आम्ही वर्गात कितीदा तरी शिकवला आहे. पण एक गोष्ट त्या रात्रीच लक्षात आली. माळी मालकाशी वाद घालत नाही. फळ नाही हे तो मान्य करतो. फळाचं काय एवढं, असं तो म्हणत नाही. झाडाला दोष देत नाही, मातीलाही देत नाही. तो एक वर्ष मागतो आणि त्या वर्षाचं काम स्वतःच्या अंगावर घेतो. मी भोवती खणेन, मी खत घालेन. शिवाय एवढं करूनही फळ आलं नाही तर झाड तोडायला त्याची हरकत नाही. पुढे झाडाला फळ आलं की नाही, हे प्रभूने सांगितलेलं नाही.

मग आम्हाला मिनार्डीचा हिशेब आठवला. १९८५, १९८६, १९८७, ही तिन्ही वर्षं त्या संघाला एकही गुण मिळाला नव्हता. दाखल्यातल्या झाडासारखीच तीन वर्षं. कुणीही म्हणालं असतं, तोडा. चौथ्या वर्षी, १९८८ साली, अमेरिकेत डेट्रॉइटला पिएरलुइजी मार्टिनी सहावा आला आणि पहिला गुण मिळाला. त्या तीन वर्षांत फाएन्झाच्या कारखान्यात कोणीतरी रोज सकाळी दार उघडत होतं, रात्री उशिरापर्यंत सांधे जुळवत होतं. संघ कसा सुधारावा यावर वाद घालणारे आमच्यासारखे लोक जगभर होते. खणणारे तेवढे तिथे होते.

आम्ही कौन्सिलकडे एक वर्ष मागितलं. फादर म्हणाले, "वर्ष घ्या. पण खत कोण घालणार?" आम्ही म्हणालो, आम्ही.

मग न येणाऱ्या सहा मुलांच्या घरी जायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत हे आम्ही एकदाही केलं नव्हतं, हे इथे कबूल करतो. एका मुलाची आई रविवारी सकाळी कामाला जाते. धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी कुणी नसतं, म्हणून तो येत नव्हता. आम्ही म्हणालो, तिलाही घेऊन ये. आता ती वर्गात मागच्या बाकावर पाटीवर रेघोट्या मारत बसते. दुसऱ्या घरी एक मुलगी भेटली. तिच्या नावापुढे आम्ही दर महिन्याला 'प्रार्थना पाठ नाही' असा शेरा लिहीत होतो. तिच्या आईने हळूच सांगितलं, "सर, तिला देवनागरी वाचता येत नाही. शाळेत कन्नड. वर्गात पुस्तक हातात आलं की तिला लाज वाटते, म्हणून येत नाही." 

आम्ही खाली मान घालून घरी आलो. आम्ही मुलीला नापास करत होतो आणि मोडलं होतं दुसरंच काहीतरी. आता वर्ग सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं आम्ही तिच्याबरोबर बाराखडी गिरवतो. अजून दोन मुलं आपण होऊन शेजारी येऊन बसली. त्यांचीही तीच अडचण होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मिनार्डी शेवटी टिकला का? खरं सांगायचं तर नाही. २००५ साली रेड बुलने तो विकत घेतला आणि मिनार्डी हे नाव शर्यतीतून गेलं. तीनशे चाळीस शर्यती, अडतीस गुण, पहिल्या तिघांत एकदाही नाही. पण यादी नीट पाहिली तर वेगळंही काही दिसतं. जियानकार्लो फिसिकेला, यार्नो त्रुली, फर्नांडो अलोन्सो, मार्क वेबर, या चौघांची फॉर्म्युला वनमधली पहिली शर्यत मिनार्डीच्याच गाडीत झाली. चौघेही पुढे दुसऱ्या संघांसाठी जिंकले. मिनार्डीचं शेवटचं वर्ष २००५, आणि त्याच वर्षी अलोन्सो रेनॉच्या गाडीत जगज्जेता झाला. फाएन्झाचा कारखाना बंद पडला नाही. तिथलाच संघ टोरो रोस्सो या नावाने धावू लागला, आणि २००८ साली मोन्झाच्या पावसात सेबास्टियन फेटलने त्याच्यासाठी शर्यत जिंकली. खत एकाने घातलं, फळ दुसऱ्याच्या टोपलीत पडलं. धर्मशिक्षकांना यात नवीन काही नाही. आपल्या वर्गातली मुलं पुढे पुण्याला, बंगळुरूला, आखातात जातात. तिथल्या एखाद्या चर्चमध्ये ती उभी राहून वाचन करतात, तेव्हा ते ऐकायला आपण नसतो.

२०२५ च्या जुलैत सिल्व्हरस्टोनला साऊबरचा निको हुल्केनबर्ग तिसरा आला. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या तिघांत, तेही २३९ व्या शर्यतीत. पुढच्या रविवारी मुलं फणसाखाली वाटच बघत होती. "सर, कुणाचा सल्ला लागू पडला?" आम्ही म्हणालो, "इथे उभ्या असलेल्या कुणाचाच नाही." मुलं खूप हसली. मग त्यांच्यातल्या दोघांना आम्ही विचारलं, रविवारी पंधरा मिनिटं लवकर येऊन लहानांना बाराखडी शिकवाल का? एक हो म्हणाला. दुसरा बघतो म्हणाला.

आमचं वर्ष अजून संपलेलं नाही. आज वर्गात आठ मुलं आहेत. नोव्हेंबरात कौन्सिल पुन्हा बसेल आणि काय ठरवेल ते आम्हाला माहीत नाही. वर्ग बंद झाला तरी त्या मुलीला देवनागरी वाचता येईल, आणि ती प्रभूची प्रार्थना स्वतःच्या डोळ्यांनी वाचेल.

बंधुभगिनींनो, आपल्या घरात, मंडळात, धर्मग्रामात जे मागे पडलं आहे, त्याबद्दल आपण शेवटचा सल्ला कधी दिला ते आठवून बघू या. आणि त्याच्या दारात शेवटचे कधी गेलो होतो, तेही.

हे प्रभू, तू आम्हालाही कितीदा आणखी एक वर्ष दिलंस. आमच्या तोंडातला सल्ला कमी कर आणि हातात कुदळ दे. जे पोर वर्गात आलं नाही त्याच्या दारापर्यंत आम्हाला चालव. फळ केव्हा आणि कुणाच्या टोपलीत, ते तुझ्यावर सोपवायला शिकव. आमेन.